मागून चालणारा

ती गाडी वरठीला थांबत नव्हती. त्या गावच्याच भंडारा रोड स्टेशनच्या फलाटावर तशी घोषणा झाली आणि नेहमीच्या माणसांनी आपापल्या पिशव्या, बोचकी, लेकरं दोन पावलं मागं घेतली. उर्वशी सरली नाही. ती तिरोड्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होती; एक कान बोटानं बंद करून, पिवळ्या पट्टीच्या पलीकडं पाऊल टाकून, रुळांकडं तोंड करून. चंद्रकुमार तिच्या मागं हातभर अंतरावर उभा होता. रूळ आधी बारीक गुणगुणले, मग फलाटाची फरशी पायाखाली थरथरू लागली. त्यानं करायचं होतं ते अगदी साधं होतं. बायकोचा खांदा धरायचा आणि तिला मागं ओढायचं. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात असा खांदा त्यानं रस्त्यावर, जत्रेत, बसस्टँडवर कितीदा धरला असेल. पण खांदा धरायला हात पुढं करावा लागणार होता, आणि पुढं गेलेला हात ओढील की ढकलील, याची त्याला खात्री वाटेना. त्यानं दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले, वळला आणि नळाकडं चालू लागला. चालू लागला म्हणजे जवळजवळ पळालाच. "मागं हो" एवढं तोंडानं म्हणता आलं असतं, हेदेखील त्याला नळाशी पोचल्यावर सुचलं. तोवर मागून तो प्रचंड आवाज आला, वारा आला, कागदाचे कपटे आणि धूळ त्याच्या पायांवरून फरफटत गेली. डबे संपता संपेनात. तो नळाच्या ओट्याकडं बघत राहिला. त्या आवाजात एखादी किंकाळी मिसळली असती तर ती ओळखू आली असती का, एवढं एकच तो मनाशी तपासत होता.

आवाज ओसरल्यावर त्यानं वळून पाहिलं. उर्वशी होती. लवकर पिकलेल्या धानाच्या बांधणीला निघालेल्या बायकांतल्या एका म्हातारीनं तिचा दंड धरून तिला मागं खेचलेलं होतं आणि अजून सोडलेलं नव्हतं. "काहून वो बाई, मराचं हाय का?" म्हातारी ओरडत होती. उर्वशी तिच्याकडं बघत नव्हती. ती चंद्रकुमारकडं बघत होती, आणि त्या बघण्यावरून त्याला कळलं, की ओढली गेली तेव्हा ती वळली होती, आणि वळल्यावर तिला लगबगीनं दूर जाणारा नवरा दिसला होता.

"कुठं गेल्ते तुमी?"

"पानी प्यायले."

"गाडी येऊन राहिली होती अन् तुमाले पानी सुचलं?"

तिरोड्याची पॅसेंजर आली, दोघं चढले, समोरासमोर खिडकीशी बसले. उर्वशी साऱ्या वाटेत बाहेर बघत होती. शेतं पिवळी होत आली होती, मधूनच एखाद्या तलावाचं पाणी आरशासारखं लखलखून जाई. चंद्रकुमार डब्याच्या उघड्या दाराकडं बघत होता. उतरताना तिला आपल्या आधी उतरू द्यायचं नाही, आपण आधी उतरायचं, म्हणजे ती पाठीमागं राहील, हे त्यानं ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर त्याला जरा श्वास घेता आला. गेल्या काही आठवड्यांपासून त्याचं हेच चाललं होतं. कुठंही जायचं झालं की आधी मनात चाल आखायची: जिना असेल तर आपण खाली, ती वर, रस्ता असेल तर आपण वाहनांच्या बाजूला, गच्चीवर कपडे वाळत घालायला ती गेली की आपण जायचं नाही. लोकांना वाटे, चंद्रकुमारभाऊ बायकोला भारी जपतात.

हे सगळं कोकणात सुरू झालं. शुभांगी, त्यांची लेक, बँकेत लागली आणि तिची बदली झाली ती पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या एका लहान गावी. तिथं तिला डोंगर चढायचा नाद लागला. सुटी आली की पाठीवर पिशवी टाकून ती आणि तिच्या मैत्रिणी कुठल्या कुठल्या पायवाटा धुंडाळायच्या, आणि वरठीच्या घरी मोबाइलवर फोटो यायचे: धुक्यातले कडे, हिरव्या भिंतीवरून कोसळणारं पांढरं पाणी, खाली निळा समुद्र. "आई-बाबा, एकदा या तं खरं," ती म्हणायची. "आयुष्यभर सपाटीवर चालून राहिले तुमी." म्हणून पावसाळ्याच्या शेवटाला दोघं गेले. चंद्रकुमारनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला तो पलीकडची पाळच नसलेल्या तलावासारखा वाटला होता. पाण्याला कुठंतरी काठ हवा. तलाव कितीही मोठा असला तरी समोर पाळ दिसते, पाळीवर झाडं दिसतात, बैल दिसतात. इथं नजर जाते ती जातच राहते, तिला कुणी अडवत नाही.

पहिला दिवस चांगला गेला होता. शुभांगी त्यांना धबधब्याच्या वाटेनं घेऊन गेली. दाट झाडी, शेवाळलेले दगड, झाडांच्या बुंध्यांवर कुणीतरी रंगवलेले पिवळे बाण. उर्वशीनं लेकीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि तिचेच बूट. लग्नानंतर तिनं असले कपडे कधी घातले नव्हते. सुरुवातीला लाजत होती, मग चालताना पदर सांभाळायचा नाही, निऱ्या उचलायच्या नाहीत, हे अंगवळणी पडलं तशी ती लेकीच्या बरोबरीनं पुढं निघाली. धबधबा जवळ आला तसा त्याचा आवाज आधी कानात, मग छातीत वाजायला लागला. उर्वशी त्या तुषारात जाऊन उभी राहिली, भिजली, तोंड वर करून हसली. "अजी, या ना! काहून खांबावानी उभे राहिले?" तिनं हाक मारली होती. तोही गेला, भिजला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली होती. हे त्याला पुनःपुन्हा आठवे. कारण त्याला कुठंतरी कारण सापडायला हवं होतं आणि त्या दिवसात ते नव्हतं. भांडण नव्हतं, राग नव्हता, कुठलं जुनं उणंदुणं निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची वाट समुद्राकाठची होती. आधी उघडा सडा लागला, कातळाचं सपाट पठार. काळा-तांबडा जांभा दगड, त्याच्या फटीफटींतून इवली जांभळी-पिवळी फुलं. सडा संपला तिथं वाट डोंगराच्या कुशीत शिरली आणि अरुंद झाली. डावीकडं गवताची चढण, उजवीकडं काही नाही. काही नाही म्हणजे दोनचार झुडपं, मग खडक, मग एकदम खाली पाणी. पाणी खडकावर आपटून पांढरं होत होतं आणि आवाज मात्र थोडा उशिरा वर येत होता. शुभांगी पुढं होती. वळणापलीकडं जाऊन दिसेनाशी झाली. उर्वशी थांबली. खाली बघायला थांबली. कपाळावरचे केस मागं सारले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसती उभी राहिली. तिच्या पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, घामाचा ओला डाग पडला होता, पिंपळाच्या पानाएवढा. चंद्रकुमार त्या डागाकडं बघत होता. आणि तेव्हा आत कुणीतरी म्हणालं, 'एक धक्का.'

आवाज ओरडलेला नव्हता. रागातला नव्हता. घरी कुणी सांगावं, दिवा लाव, दार ओढून घे, तसा होता. आणि आवाज त्याचाच होता. त्या एका क्षणात त्यानं सगळं पाहिलं: तळहात त्या ओल्या डागावर टेकलेला, कापडाचा दमट स्पर्श, तिचा सटकलेला पाय, हवेत उघडलेले हात, आणि मग रिकामी वाट, आणि वाटेवर तो एकटा. त्याचा उजवा हात छातीपर्यंत वर आलेला होता. घाम पुसायला आला होता की कशाला, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. तो खाली बसला आणि दोन्ही मुठींत गवत पकडून धरलं. गवताच्या धारेनं बोटं कापली. उर्वशी वळली. "काय झालं वो? अजी? शुभे, धाव वो!" ती धावत त्याच्याकडं यायला लागली, त्या तेवढ्याशा वाटेवरून, आणि त्याला ओरडावंसं वाटत होतं की येऊ नको, आहेस तिथंच राहा. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "चक्कर." मग चक्करच झाली. लेकीनं साखर-मीठ पाजलं, गावात नेऊन रक्तदाब बघितला, डॉक्टर म्हणाले उन्हाचा त्रास आहे, आणि परतीच्या साऱ्या प्रवासात उर्वशीनं त्याच्या कपाळावर हात ठेवून ठेवून त्याला हैराण केलं. तो हात त्याला सोसवत नव्हता. जिचा जीव आपण मनातल्या मनात घेतला, तीच आपला ताप बघते आहे.

घरी आल्यावर हे जाईल असं त्याला वाटलं होतं. वरठीत कुठला कडा आणि कुठला समुद्र! पण कडा त्याच्याबरोबर आला होता. स्वयंपाकघरात उर्वशी विळीवर भाजी चिरत बसली की तो दारातूनच परते. आधी सुटीच्या दिवशी तोच कांदा चिरून द्यायचा. आता चाकू हातात घेतला की मनगटापासून पुढचा हात परका वाटे, भाड्यानं आणल्यासारखा. शेजारच्यांची सून तान्हं लेकरू घेऊन आली आणि "घ्या ना बाबाजी" म्हणाली, तेव्हा त्यानं हात मागं बांधले आणि सर्दीचं निमित्त सांगितलं. कारखान्यात तो वजनकाट्यावर होता. ट्रक काट्यावर चढायचा, थरथरायचा, स्थिर व्हायचा, आकडा उमटायचा. या कामात त्याला आयुष्यभर एक समाधान होतं, की दिसत नाही तेदेखील काट्यावर चढलं की दिसतं. आता ट्रकच्या पुढून क्लीनर चालत गेला तरी त्याला घाम फुटे. तो रात्रपाळ्या मागून घेऊ लागला. झोपण्यासाठी बैठकीत गादी टाकली. पाठ दुखते म्हणाला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तो विचार येऊ नये म्हणून तो पहाऱ्यावर बसे आणि पहारा करता करता तोच विचार दार उघडून आत घेई. आला का? नाही आला. असं विचारलं की तो आलेलाच असे.

शांत माणूस, असं त्याला सगळे म्हणत. लहानपणापासून. मोहाडीजवळच्या त्याच्या गावात आणखी एक शांत माणूस होता, भैयाजी. चंद्रकुमारच्या घराशेजारीच त्यांचा गोठा. भैयाजींचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. बैलालाही ते शिवी देत नसत, 'चाल राजा' म्हणत. एका दुपारी, उन्हाळ्यात, भैयाजी जेवून उठले, हात धुतले, भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड घेतली आणि गोठ्यात जाऊन त्याच राजाच्या मानेवर घातली. लहानगा चंद्रकुमार कुडाच्या फटीतून बघत होता. बैल ओरडलासुद्धा नाही, गुडघ्यांवर बसला, जणू कुणी त्याला बसायला सांगितलं आहे. भैयाजी त्याच्या शेजारी बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. लोक जमले, विचारू लागले, काहून केलं, काय झालं होतं. भैयाजी सगळ्यांकडं गोंधळून बघत होते. "मले काय मालूम," ते म्हणाले. "मले कोनी सांगतलं वाट्टे." पुढं ते जगले, म्हातारे झाले, मेले, पुन्हा कधी काही केलं नाही. पण गावातल्या बायका त्यांच्या दारावरून जाताना लेकरं जवळ घ्यायच्या, आणि चंद्रकुमारची आई मनकर्णाबाई म्हणायची, "रागीट मानसाचं भेव नसते, बापा. शांत मानसाचं भेव." इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला कधी आठवलं नव्हतं. आता ते रात्रपाळीत काट्याच्या खोलीत त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसे.

एकदा त्यानं बोलायचा प्रयत्न केला. तेजराम त्याच्याबरोबर काट्यावर होता, जुना सोबती. चहा पिता पिता चंद्रकुमार म्हणाला, "तुले कदी उंच जागी उभं राहिल्यावर कसंतरी वाटलं का रे?"

"वाट्टे ना! पान्याच्या टाकीवर चढलो होतो एकदा. असं वाटे का आता उडी मारतो. जीव घेते ते उंची. मी तं डोये मिटून उतरलो."

"सोताच्याच उडीचं वाटलं ना?"

"मंग कोनाच्या उडीचं वाटन?" तेजराम हसला. "मले काय दुसऱ्याले फेकाचं हाय?"

चंद्रकुमारही हसला. बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. तेजराम उठून गेला आणि चंद्रकुमारला वाटलं, साऱ्या जगात एक रेघ मारलेली आहे. अलीकडं उडी मारावीशी वाटणारी माणसं आहेत, ती बिचारी. आणि पलीकडं तो एकटा आहे.

फलाटावरच्या त्या दिवसानंतर उर्वशी बोलायची कमी झाली. जेवायला वाढे, डबा भरून देई, पण त्याच्याकडं बघताना तिच्या डोळ्यांत काहीतरी मोजल्यासारखं असे. एका संध्याकाळी ती घडी घातलेले कपडे कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, "धान कापून झालं का मी शुभांगीकडं जाऊन राहीन म्हन्ते. पोट्टीले बी एकटं वाट्टे."

"किती दिवस?"

"पाहू." ती वळली नाही. "तुमाले बी बरं पडन."

त्यानं 'काहून जातेस' असं विचारायला हवं होतं. त्याच्या मनात पहिल्यांदा आली ती सुटका: ती दूर गेली तर वाचेल. आणि लगेच दुसरं आलं, तिथं कडा आहे. उर्वशीनं कपाटाचं दार लावलं. त्या आवाजावरून त्याला कळलं, की आपलं गप्प राहणं तिनं होकार म्हणून घेतलं आहे.

धान कापणीला गावी जायचं होतं. मंगेश, त्यांचा मोठा मुलगा, पुण्यात नोकरीला. शेत अर्धेलीनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर दिलेलं. तरी कापणीच्या वेळी दोघांनी जाऊन उभं राहायचं हा रिवाज. मोहाडीच्या पुढं फाट्यावर एसटीनं सोडलं. तिथून गावापर्यंत तलावाच्या पाळीवरून वाट होती. पाळ उंच, दोन्ही अंगांनी उतरती. एका बाजूला काठोकाठ भरलेला तलाव, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या, बांध घालून पाडलेले शेताचे चौकोन, त्यांत कापलेल्या धानाचे पुंजके. दुपार टळलेली होती. वर वाट एका माणसापुरती. दोहों बाजूंनी बेशरमीचं आणि तरोट्याचं रान वाढलेलं. उर्वशी पुढं निघाली. त्यानं पिशवी हातात घेतली आणि मुद्दाम चपलेतला खडा काढायला थांबला, मग आणखी थांबला. ती बरीच पुढं गेल्यावर तो चालू लागला. ती हळू झाली की तो हळू होई. ती थांबली. तोही थांबला. पाण्यावर एक पाणकोंबडी पळत गेली.

उर्वशी वळली आणि मागं यायला लागली.

"चाल ना पुढं," तो म्हणाला. "मी येऊन राहिलो ना."

ती येतच होती.

"उर्वशी, पुढं हो म्हनलं ना! माह्याजवळ येऊ नोको!"

त्याचा आवाज इतका चढला की खालच्या बांधीत धान बांधणारा माणूस उभा राहून वर बघू लागला. चंद्रकुमार इतका मोठ्यानं कधी ओरडला नव्हता. उर्वशी त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तिच्या उजव्या हाताला पाणी होतं.

"आता सांगा," ती म्हणाली. ती जागची हलली नाही. "कोनी बाई हाय का?"

"नाही."

"मंग कंटाळा आला माहा? त्या दिवशी गाडी येऊन राहिली होती अन् तुमी मले मराले सोडून चालले गेले. मी पाहिलं. मी कोनाले सांगतलं नाही, शुभांगीले बी नाही. पन मी पाहिलं." तिनं डोळे पुसले नाहीत. "काहून वो? काय केलं मी?"

मराले सोडून. त्यानं पिशवी खाली ठेवली. पाण्याकडं बघितलं नाही, तिच्याकडं बघितलं नाही, स्वतःच्या पायांकडं बघत त्यानं सांगितलं. कड्याचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, फलाटाचं, विळीचं, शेजारच्या लेकराचं, भैयाजींचं. सांगताना त्याला वाटत होतं की आपण एकेक कपडा उतरवतो आहोत आणि खालून वर बघणारा तो माणूस ते बघतो आहे. "मले राग नाही तुह्यावर," तो शेवटी म्हणाला. "राग असता तं समजलं असतं. काहीच नाही. तरी ते येते. मी चांगला मानूस नाही, उर्वशी. तू जा शुभांगीकडं. पन त्या वाटेनं फिरू नोको."

मग त्यानं मान वर केली आणि नेमकं तेव्हाच तिचं पाऊल हललं. ती पाण्यापासून अर्धं पाऊल अलीकडं सरकली. सरकल्याचं तिलाही कळलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. ते अर्धं पाऊल त्याच्या काळजात रुतलं. पण तिनं हे थट्टेवारी नेलं नव्हतं, हेही त्यातून कळत होतं.

"तेव्हा हात लावला होता का तुमी? पाठीले?"

"नाही."

"आता बी येऊन राहिलं का तसं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," तो म्हणाला.

उर्वशी पाळीच्या शेताकडच्या उतारावर गवतात बसली. गुडघ्यांना हातांचा विळखा घातला. तोही तिच्यापासून दूर बसला. खालच्या माणसानं थोडा वेळ बघितलं, मग पुन्हा वाकून पेंड्या बांधू लागला.

"मंगेश तान्हा होता," ती खाली बघत म्हणाली. "मागच्या विहिरीले तेव्हा कठडा नव्हता. मी त्याले कमरेवर घेऊन पानी भराले गेली. वाकून पाहिलं, अन् वाटलं, सोडलं तं?"

चंद्रकुमारनं तिच्याकडं पाहिलं.

"एकदा नाही. रोज. त्याले आंघोळ घालाची तं गंजातल्या कढत पान्याचं भेव. चुलीचं भेव. मी त्याले तुमच्या आईजवळ देऊन देऊ अन् कोठीत जाऊन बसू. आई म्हने, राणीवानी बसून राहते, लेकराची माया नाही इले. साऱ्या गावात म्हने. तुमी बी म्हनलं होतं एकदा."

त्याला आठवलं नाही, पण म्हणाला असणार. पुढं पुढं विहिरीचं पाणी तोच भरू लागला होता आणि बायको आळशी आहे असं समजायचा. आता त्याला ती कोठी दिसली, अंधारी, धानाच्या वासाची, आणि कणग्यांच्या मध्ये बसलेली विशीतली पोरगी, हात मांड्यांखाली दाबून. इतकी वर्षं ती त्याच्या घरात होती. रेघेच्या पलीकडं, त्याच्या कितीतरी आधीपासून.

"काहून सांगतलं नाही मले?"

"सांगतलं असतं तं लेकरू ठेवलं असतं का कोनी माह्याजवळ?" ती म्हणाली. "तुमी ठेवलं असतं?"

वारा आला, तलावावर सुरकुती उठली आणि पाळीपर्यंत येऊन विरली.

"मंग कसं गेलं ते?"

तिनं विचार केला. खरंखुरं आठवून पाहिल्यासारखा केला.

"गेलं नाही," ती म्हणाली. "मंगेश मोठा झाला. चालाले लागला. उचलून घ्याचं कामच पडलं नाही. शुभांगीच्या वेळेस अजून आलं. तेव्हा मले मालूम होतं, येते म्हून. मी मनातल्या मनात म्हनो, ये, बस, अन् दूध पाजत राहो." ती थांबली. "भेव लागेच. पन पाजत राहो."

चंद्रकुमारला रडू आलं. मोठ्यानं नाही. नाक गळू लागलं, तो बाहीनं पुसत राहिला. ती जवळ आली नाही, हातही पुढं केला नाही. त्याचं आवरेपर्यंत ती गवताची काडी मोडत बसून राहिली. सूर्य पाळीवरच्या झाडांमागं गेला तसा गारवा चढू लागला आणि ती उठली. कपडे झटकले. "चला. उजेडी पोचलं पायजे."

वाट एका माणसापुरतीच होती. कुणी पुढं व्हायचं, हा प्रश्न दोघांच्या मध्ये उभा राहिला. उर्वशीनं पुढच्या वाटेकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली.

तो पुढं झाला. पाठीमागं तिच्या चपलांचा आवाज होता. त्याची पाठ त्या आवाजाकडं लागून राहिली. पाठीलाही कान असतात हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. भीती गेली नव्हती. ती त्याच्याबरोबर चालत होती, फक्त आता उर्वशीच्या एकटीच्या पाठीवर नव्हती, दोघांच्या मध्ये कुठंतरी होती. बरंच पुढं गेल्यावर, जिथं तलावाचा सांडवा आहे तिथं, पाळ बैलगाडीपुरती रुंद झाली. उर्वशीनं पावलं भरभर टाकली आणि त्याच्या बरोबरीला आली. शेताच्या बाजूनं आली. पाण्याची बाजू तिनं त्याला दिली. हे दोघांनाही कळलं आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. मग तिनं त्याच्या हातातल्या पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला, दुसरा त्याच्याकडं राहू दिला, आणि दोघांच्या मध्ये ती पिशवी झुलवत ते गावाकडं चालू लागले.

"शुभांगीले फोन लावजा घरी गेल्यावर," ती म्हणाली. "एवढ्यात येत नाही म्हना आई."